‘नेऊन टाका’ असें म्हणण्यापूर्वीं

(मननासाठीं: मार्क ३, ५ व ७, योहान २१)

वृद्ध आईचें किंवा बापाचें चित्त भ्रमलें, आणि दवाखान्यांत जाण्यास तीं स्वतः तयार नसलीं, तर त्यांस त्यांच्या इच्छेविरुद्ध नेऊन तेथें ठेवणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय? देवरीच्या आसपासच्या आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न आतां वारंवार पुढें येतो. मुलें रोजगारासाठीं नागपूर, रायपूर, हैदराबादेकडे जातात. घरीं म्हातारीं माणसें राहतात. आयुष्य पूर्वींपेक्षां लांबलें आहे, आणि त्याबरोबर विस्मरण, भ्रम व खिन्नता हे विकारही घरांत शिरले आहेत. कोणी रात्रीं उठून महामार्गाकडे चालूं लागतो. कोणी सुनेनें जेवणांत विष घातलें असें म्हणून ताट लोटून देते. कोणी पोटच्या मुलास चोर समजून त्याजवर काठी उगारतो. अशा वेळीं शेजारी सल्ला देतात, ‘नागपूरला नेऊन टाका.’ या सल्ल्यांत ‘नेणें’ आणि ‘टाकणें’ अशीं दोन क्रियापदें एकत्र आलीं आहेत. त्यांची फारकत केल्यावांचून आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम तें ठिकाण काय आहे हें पाहूं. नागपूरचें प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालीं स्थापन झालें. महाराष्ट्रांत सरकारचीं अशीं चार मनोरुग्णालयें आहेत. बाकीचीं तीन येरवडा, ठाणें व रत्नागिरी येथें आहेत. विदर्भास नागपूरचेंच जवळ. देवरीहून साकोली व भंडारा ओलांडून तेथें पोहोंचण्यास सव्वाशे किलोमीटरांहून अधिक वाट आहे. खेड्यांत त्यास अजून ‘पागलखाना’ म्हणतात, आणि त्या नांवांत जुन्या काळाची भीति शिल्लक आहे. १९१२ च्या कायद्याचा रोख मुख्यतः वेड्याला कोंडून समाज सुरक्षित ठेवण्याकडे होता. १९८७ सालीं त्याच्या जागीं दुसरा कायदा झाला. आणि २०१७ सालीं संमत होऊन २९ मे २०१८ पासून अंमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर दृष्टीच पालटली. रोगी हा हक्क असलेला मनुष्य आहे, असें हा कायदा धरून चालतो. म्हातारपणच्या विस्मरणाच्या रोगासही तो लागू पडतो. कारण विचार व भावना यांबरोबर स्मरणाच्या आणि स्थळकाळाच्या भानाच्या बिघाडाचाही त्याच्या व्याख्येंत उल्लेख आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्यावर दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात.

कांहीं सज्जन म्हणतात, ‘देवानें मनुष्यास स्वतंत्र इच्छा दिली आहे. ती मोडून कोणास कोंडणें हें पापच होय.’ यांत सत्याचा मोठा अंश आहे. परंतु जो म्हातारा मध्यरात्रीं, आपण बाळपणींच्या घरीं चाललों आहों अशा समजुतीनें मालमोटारींच्या रस्त्यावर उतरतो, त्याला चालविणारा त्याचा रोग आहे. त्या रात्रीं त्याचा हात न धरणारा मुलगा बापाच्या स्वातंत्र्याचा मान राखीत नाहीं. तो बापाला मोकळें सोडून स्वतः मोकळा होतो. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आठवा. मेंढपाळानें त्या मेंढराची संमति विचारली नाहीं. त्यानें तें उचलून खांद्यावर घेतलें. प्रीतीला कधीं कधीं बळ वापरावें लागतें. मात्र तो मेंढपाळ त्या मेंढराला घेऊन कोठें गेला, हेंही पाहावें. तो घरीं आला, आणि त्यानें शेजाऱ्यांस आनंद करण्यास बोलाविलें. दुसऱ्याच्या वाड्यांत तें ठेवून आणि दार लावून तो निघून गेला नाहीं.

दुसरें मत याच्या उलट असून अधिक पसरलेलें आहे. ‘म्हाताऱ्या माणसाला काय कळतें? घरचे म्हणतील तें खरें.’ या मताच्या बंधूंनीं मार्काचा तिसरा अध्याय पुन्हा वाचावा. लोकांच्या गर्दीमुळें प्रभूला व त्याच्या शिष्यांना जेवण्यासही सवड मिळेना. तें ऐकून त्याच्या आप्तांस वाटलें कीं याचें भान सुटलें, आणि ते त्याला धरण्यास निघाले. ज्याला आपण जगाचा तारणारा म्हणतों, त्यालाच एकदां घरच्या माणसांनीं वेडा समजून ताब्यांत घेऊं पाहिलें होतें. तेव्हां घरच्यांचा शब्द हा पुरावा होऊं शकत नाहीं. आपल्या मंडळ्यांतील पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. बाप्तिस्मा घेतला म्हणून ‘याचें डोकें फिरलें’ असें भाऊबंदांकडून ऐकून घेतलेलीं माणसें आपल्यांतच होतीं. तोच शब्द आपण आपल्या वडिलांविषयीं किती सहज उच्चारतों, याचा विचार व्हावा.

कायदाही येथें स्पष्ट आहे. कोणाचा धर्म, जात किंवा गरिबी यांवरून, अथवा समाजाच्या चालीशीं त्याचें वागणें जुळत नाहीं एवढ्यावरून, कोणास मनोरुग्ण ठरवितां येत नाहीं. पूर्वीं कधीं उपचार झाले होते, एवढ्यानें आजचा रोग सिद्ध होत नाहीं. मनोरुग्ण ठरल्यानें मनुष्य सर्व व्यवहारांस नालायक झाला असेंही होत नाहीं; तसा निर्णय न्यायालयच देऊं शकतें. धानाची बांधी वांटून न देणारा बाप हट्टी असेल, पण तेवढ्यानें तो वेडा होत नाहीं. सातबाऱ्यासाठीं आणलेल्या कागदावर अंगठा न देणारी विधवा आई कदाचित् घरांत सर्वांत शहाणी असेल. ज्या घरांत जमिनीचा तंटा आहे, त्या घरांतून ‘म्हाताऱ्याला वेड लागलें’ अशी वार्ता आली, तर उपदेशकानें ती दोनदां तपासून पाहावी.

आपल्या सरहद्दीच्या मुलखांत आणखी एक संकट आहे. एकटी राहणारी, पुटपुटणारी, रात्रीं हिंडणारी म्हातारी दिसली कीं तिला चेटकीण म्हणतात. पलीकडे छत्तीसगडांत टोनही म्हणतात. छत्तीसगडानें २००५ सालीं आणि महाराष्ट्रानें २०१३ सालीं अशा छळाविरुद्ध कायदे केले. भूत उतरविण्याच्या निमित्तानें दोरीनें किंवा सांखळीनें बांधून मारणें हा महाराष्ट्रांत गुन्हा आहे. आणि कोणी ख्रिस्ती म्हणविणारा प्रार्थनेच्या नांवाखालीं असें करील, तर नांव बदलल्यानें पाप बदलत नाहीं.

म्हणून पहिलें कर्तव्य हें कीं मनाचा निवाडा करण्यापूर्वीं शरीर तपासून घ्यावें. म्हाताऱ्या माणसाचें चित्त दोनचार दिवसांत एकाएकीं बिघडलें, दिवसां गुंगी व रात्रीं बडबड सुरू झाली, तर तें बहुधा शरीरांतील दुखण्याचें चिन्ह असतें. लघवीच्या मार्गांत किंवा फुप्फुसांत जंतूंचा विकार, अंगांतील पाणी किंवा क्षार कमी होणें, मधुमेहाच्या गोळीनें साखर फार उतरणें, नव्या औषधाचा परिणाम, रोजची दारू एकदम बंद होणें, यांपैकीं कांहींही कारण असूं शकतें. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉईडचा विकार यांनीं विस्मरण वाढतें. जिला ऐकूं येत नाहीं, ती शेजारच्या बोलण्याचा भलताच अर्थ करिते. ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदु आहे, त्याला अंधारांत नसलेलीं माणसें दिसतात. बायको वारल्यावर जेवण व बोलणें टाकून बसलेला म्हातारा खिन्नतेच्या रोगानें आजारी असूं शकतो, आणि त्यावर औषध आहे. या दुखण्यांपैकीं पुष्कळ बरीं होतात. यासाठीं नागपूर गांठण्यापूर्वीं जवळचें ग्रामीण रुग्णालय व गोंदियाचें सरकारी रुग्णालय गांठावें. १९९६ पासून देशांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचा उद्देशच असा कीं रोग्याला घराजवळ उपचार मिळावे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. ती सेवा २०२२ पासून चालू आहे.

तरीही असा प्रसंग येतो कीं घरीं ठेवणें धोक्याचें होतें, आणि रोगी स्वखुषीनें जात नाहीं. तेव्हां कायदा बळाला जागा देतो, पण तिला चारही बाजूंनीं कुंपण घालतो. रोग्यानें स्वतःला इजा करण्याची धमकी दिलेली असावी किंवा तसा यत्न केलेला असावा. अथवा तो दुसऱ्यांवर हिंसा करीत असावा. अथवा स्वतःची काळजी घेण्यास इतका असमर्थ असावा कीं त्याच्या जिवास धोका आहे. दोघां वैद्यकीय जाणकारांनीं, त्यांतील एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला वेगवेगळें तपासावें. याहून कमी बंधनाचा मार्ग उरलेला नसावा. अर्ज रोग्याच्या प्रतिनिधीनें करावा. आणि मनुष्य शुद्धीवर असतांनाच, पुढें आपला प्रतिनिधि कोण असावा व आपणावर कसे उपचार व्हावे किंवा होऊं नयेत, हें लिहून ठेवूं शकतो. अशा रीतीनें दाखल केलेल्यास प्रथम तीस दिवसांपर्यंतच ठेवतां येतें. रुग्णालयानें ही खबर पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत द्यावी; रोगी स्त्री असल्यास तीन दिवसांत. त्यापुढें ठेवणें झाल्यास मंडळाची परवानगी लागते, आणि तीही पहिल्यानें ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग १८०. रोगी स्वतः मंडळाकडे दाद मागूं शकतो, आणि त्यासाठीं त्याला वकिलाची मदत फुकट मिळण्याचा हक्क आहे.

वाचकांस हे आंकडे रुक्ष वाटतील. पण या मुदतींत मोठें धर्मशिक्षण आहे. प्रत्येक मुदत संपतांच कायदा पुन्हा विचारतो, ‘अजून ठेवण्याचें कारण काय?’ बाहेर जाऊं देण्यास कारण लागत नाहीं. आंत ठेवण्यास लागतें. आमच्या मतें ख्रिस्ती विवेकाचें म्हणणेंही हेंच आहे. रोग्याच्या जिवासाठीं आणि त्याच्या बरें होण्यासाठीं बळ वापरणें क्षम्य आहे, कधीं कधीं कर्तव्यही आहे. ज्या दिवशीं तें बळ केवळ आपल्या सोयीसाठीं उरतें, त्या दिवशीं तेंच बळ अन्याय होतें. आणि जो दुसऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध नेतो, तो त्याला परत आणण्याचें ऋण आपल्या डोक्यावर घेतो. हें ऋण डॉक्टरवर किंवा सरकारवर लोटतां येत नाहीं.

गदरेकरांच्या मुलखांतील त्या मनुष्याची कथा आपण जाणतों. गांवकऱ्यांनीं त्याला बेड्या व सांखळ्या घालून पाहिल्या. त्या त्यानें तोडल्या, आणि तो थडग्यांत राहूं लागला. त्याला त्याचें नांव कोणी विचारल्याचें आपण वाचीत नाहीं. प्रभूनें नांव विचारलें. तो शुद्धीवर आल्यावर प्रभूबरोबर जाऊं इच्छीत होता. पण प्रभूनें त्याला घरीं, त्याच्या आपल्या माणसांकडे पाठविलें. त्याचें बरें होणें घरीं पोहोंचल्यावर पुरें व्हावयाचें होतें.

सांखळीनें रोग हटत नाहीं, हें आपल्या देशानें फार महाग किंमत देऊन शिकलें. ६ आगस्ट २००१ रोजीं तमिळनाडूंत एरवाडी येथें एका खासगी आश्रयगृहास आग लागली, आणि सांखळ्यांनीं जखडलेले २८ मनोरुग्ण पळतां न आल्यामुळें मेले. आज कायद्यानें मनोरुग्णास कोणत्याही प्रकारें सांखळीनें बांधणें मना आहे. सपरीच्या खांबाला बापाला बांधून रोवणीला जाणाऱ्या घरानें एरवाडीची आठवण ठेवावी.

सांखळीवांचूनही मनुष्य बांधला जातो. ठाण्याच्या मनोरुग्णालयांतील एका स्त्रीची हकीकत मुंबई उच्च न्यायालयापुढें आली होती. डॉ. हरीश शेट्टी या मानसोपचारतज्ज्ञांनीं त्यासाठीं जनहितयाचिका केली होती. ती स्त्री घरीं जाण्याजोगी बरी झाली होती, तरी दहा वर्षांहून अधिक काळ आंतच राहिली. तिला ठेवून घेणारा रोग तेव्हां उरला नव्हता. त्या याचिकेच्या सुनावणींत अशा दीर्घकाळ राहिलेल्या इतर रोग्यांचाही प्रश्न निघाला. घरच्यांनीं स्वीकारलें नाहीं, किंवा घरच नाहीं, एवढ्या कारणानें कोणास मनोरुग्णालयांत ठेवूं नये, असें २०१७ चा कायदा सांगतो. पण कायदा दार उघडूं शकतो. दाराबाहेर कोणी उभें नसेल तर त्याला काय करतां येणार? पत्ता खोटा लिहून द्यावा, भेटीस जाऊं नये, आणि गांवांत ‘आई देवाघरीं गेली’ असें सांगावें, ही ‘टाकण्याची’ रीत आहे.

प्रभूनें शास्त्री व परूशी यांस कुर्बानाविषयीं जें सुनावलें, तें येथें लागू पडतें. आईबापांस जें द्यावयाचें तें देवाला वाहिलें, असें म्हणून त्यांच्या पोषणाच्या कर्तव्यांतून सुटणारे लोक तेव्हां होते. आजचा कुर्बान निराळा आहे: ‘तिची सोय सरकारनें केली आहे.’ सरकारी खाट ही देवाच्या पांचव्या आज्ञेची भरपाई नव्हे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानेंही, ज्याच्याकडे वृद्धाची काळजी सोंपविली आहे त्यानें त्याला टाकून देणें हा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा ठरविला आहे. ख्रिस्ती मनुष्यास मात्र कैदेच्या भयानें आईची आठवण व्हावी, ही लाजेची गोष्ट होय.

पण येथें एका पक्षाची बाजू न ऐकतां आम्ही पुढें गेलों, तर तो अन्याय होईल. ती बाजू घरांतील सुनेची किंवा लेकीची आहे. दिवसां शेतांत रोवणी, संध्याकाळीं चूल, आणि रात्रभर सासऱ्याच्या मागें उठणें, असें जिचें वर्षभर चालतें, तिनें ‘आतां माझ्यानें होत नाहीं’ असें म्हटलें, तर तो निर्दयपणा नव्हे. तिला पांचवी आज्ञा वाचून दाखविणें सोपें आहे. एक रात्र तिच्या घरीं जागून तिला झोंपूं देणें कठीण आहे. जी मंडळी वचन ऐकविते आणि हात देत नाहीं, ती ‘नेऊन टाका’ या पापाची वांटेकरी होते.

नेण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती आपल्याच देशांत सांपडली. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं रोग्यांच्या नातलगांस आवारांत तंबूंत राहावयास बोलाविलें. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रांतही रोग्याबरोबर घरचें माणूस राहण्याची पद्धत पडली. घरचें माणूस जवळ असलें कीं रोगी कमी भितो. औषध कसें द्यावें, संतापाच्या वेळीं कसें बोलावें, हें तें माणूस शिकतें. आणि घराचें दार बंद होत नाहीं. आपल्यापैकीं कोणास वडिलांना दाखल करण्याची वेळ आली, तर जेवढी मुभा असेल तेवढें जवळ राहावें. ‘औषध आहे’ असें फसवून बाजाराच्या नांवानें नेऊं नये. समजो वा न समजो, कोठें व कां नेत आहों आणि परत केव्हां आणूं, तें आदरानें सांगावें.

कोणी विचारील, ‘जो बराच होणार नाहीं, त्याचें काय?’ म्हातारपणचें विस्मरण पुष्कळदां वाढतच जातें. त्यावर मनोरुग्णालयाचा मोठा उपाय नाहीं. त्यास शांत घर, ठरलेली दिनचर्या, ओळखीचे आवाज व हात धरणारें माणूस लागतें. म्हणून अशा रोग्याविषयीं आपलें ऋण हलकें न होतां जडच होतें. आई आपलें नांव विसरली, तरी आपण तिचें नांव विसरलों नाहीं. ती कोण हें तिच्या ऐवजीं लक्षांत ठेवणें, हीच आतां तिची सेवा आहे. घरीं ठेवणें खरोखरच अशक्य झाल्यास, वृद्धाश्रमांत ठेवलेल्या आईकडे ठरल्या दिवशीं जाणारा मुलगा तिला टाकीत नाहीं. आणि घरांतच ठेवून आठवडाभर तिच्याशीं न बोलणारा तिला टाकतो.

मंडळ्यांच्या पंचांनीं व उपदेशकांनीं पुढील गोष्टी मनावर घ्याव्या, अशी आमची विनंति आहे. कोणत्या घरांत असा रोगी आहे याची नोंद ठेवावी, पण ती चव्हाट्यावर बोलूं नये. आठवड्यांतून एक रात्र तरी त्या घरीं जागण्याची पाळी लावावी. दाखल करण्याचा प्रसंग आला तर एकानें बरोबर जावें, खरा पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक लिहून द्यावा, आणि तीस दिवसांची तारीख मंडळीच्या वहींत लिहून ठेवावी. त्या तारखेस चौकशी करावी. जो परत येतो, त्याला उपासनेंत पूर्वींची जागा द्यावी. मुलांनीं त्याला चिडविल्यास आवरावें. नबुखद्नेस्सर राजाचें भान गेलें होतें, आणि तें परत आल्यावर त्याचें राज्यही त्याला परत मिळालें, असें दानिएलाच्या पुस्तकांत आहे. आपल्या म्हाताऱ्यांस राज्य नको. सपरींतली त्यांची बाज, ताट आणि प्रार्थनेंतली जागा मोकळी ठेवली तरी पुरे. ज्यास घरचे छळतात किंवा टाकतात, त्याच्यासाठीं वृद्धांच्या मदतीचा १४५६७ हा क्रमांक आणि तालुक्याची विधिसेवा समिति आहे. तेथवर त्याला पोहोंचविणें हें मंडळीचें काम आहे.

प्रभूनें पेत्राला सांगितलें होतें कीं तरुणपणीं तूं आपली कंबर बांधून इच्छेस येईल तेथें जात होतास. म्हातारपणीं तूं हात लांब करशील, आणि दुसरा तुझी कंबर बांधून तुला नको तेथें नेईल. तें त्याच्या मरणाविषयींचें बोलणें होतें. तरी त्यांत प्रत्येक वृद्धाचें चित्र आहे, आणि आपणही त्याच वाटेनें चाललों आहों. ज्यांच्या घरीं आज असा हात लांब केलेला आहे, त्यांनीं तो धरावा, नेण्याची गरज पडल्यास न्यावा, आणि परत आणण्याची वाट झाडून ठेवावी. अशा घरांस प्रभु बळ देवो, आणि शेजाऱ्यांस त्यांचें ओझें वाहण्याची बुद्धि देवो.